डोळ्याभोवती अडकलेली हवा : एक अल्पपरिचित इजा

देवासला स्वतंत्र व्यवसाय सुरू करून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती, त्या काळातील ही गोष्ट. डिसेंबर महिन्यातील संध्याकाळ होती. दहा वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी आणि वडील माझ्या दवाखान्यात घेऊन आले. मैदानावर झेल घेण्यासाठी दोघे मुले एकाच वेळी धावली आणि दुसऱ्याचे कोपर याच्या नाकाच्या मुळाशी, डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर आदळले. नाकातून रक्त आले होते, ते थांबलेही होते. डोळ्याखाली किंचित निळसर झाक होती. मुलगा शुद्धीवर होता, उलटी नव्हती, बोलत होता, बरोबर आलेल्या आजीवर थोडासा रागावलेलाही होता. नाकात रक्ताच्या गुठळ्या साचल्यामुळे त्याला श्वास घेणे अवघड जात होते. मी हातरुमाल पुढे केला आणि म्हटले, "बाळ, नाक जरा शिंकर बरं, म्हणजे आतलं सगळं निघून जाईल."

आज्ञाधारक मुलाने ते जोरात शिंकरले. दुसऱ्याच क्षणी, कढईत पुरी फुगावी तशी त्याची डावी पापणी आमच्या डोळ्यांदेखत टम्म फुगली आणि डोळा पूर्ण मिटला गेला. आजी "अगं बाई!" म्हणून जागच्या उठल्या. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी काहीही औषध दिलेले नव्हते, इंजेक्शन दिलेले नव्हते. एम.डी.च्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन फार काळ लोटला नव्हता, तरीही त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो ॲलर्जीचा. परंतु ॲलर्जीची सूज अशी एका क्षणात, एकाच डोळ्यावर येत नाही. पापणीवर हलकेच बोट ठेवले, तेव्हा बोटाखाली पापडाचा चुरा कापडात गुंडाळून दाबावा तशी बारीक चरचर जाणवली. ती चरचर एकदा बोटाला कळली की जन्मभर विसरत नाही. पापणीत रक्त नव्हते, पाणी नव्हते, हवा होती.

गावातील एका ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञांना मी निरोप पाठवला. ते स्वतः आले. त्यांनी पापण्या अलगद उघडल्या, दोन्ही बाहुल्यांवर आळीपाळीने प्रकाश टाकला, मुलाकडून बोटे मोजवून घेतली, डोळा चहूकडे फिरवून पाहिला आणि दृष्टी उत्तम असल्याचे सांगितले. हात धुता धुता त्यांनी विचारले, "नाक शिंकरायला कोणी सांगितलं?" मी म्हटले, "मीच." त्यावर ते काही बोलले नाहीत. त्या न बोलण्यामुळेच या विषयाचा मी पुढे मनापासून अभ्यास केला. आपल्या मंडळात सर्वच शाखांचे डॉक्टर आहेत आणि ही स्मरणिका त्यांच्या घरांतूनही वाचली जाते; म्हणून तो अभ्यास येथे, शक्य तितक्या सोप्या शब्दांत, मांडत आहे.

या अवस्थेस वैद्यकशास्त्रात ऑर्बिटल एम्फिसीमा म्हणतात. डोळ्याच्या खोबणीत किंवा पापणीच्या ऊतींत हवा शिरून अडकणे, एवढाच त्याचा अर्थ. ही हवा येते कोठून, हे समजण्यासाठी खोबणीची रचना पाहिली पाहिजे. खोबण सात हाडांनी बनलेली असून तिची कड भक्कम आहे. परंतु आतल्या भिंती मात्र विलक्षण पातळ आहेत. नाकाच्या बाजूची भिंत एथमॉइड नावाच्या हाडाची. तिची जाडी मिलिमीटरच्या दोन ते चार दशांशांएवढीच असते. जुन्या शरीररचनाकारांनी तिला लॅटिन भाषेत 'लॅमिना पॅपिरेसिया', म्हणजे कागदी पत्रा, असे नाव दिले, ते सार्थच होय. तळाची भिंतही अशीच पातळ. या कागदी भिंतींच्या पलीकडे रिकाम्या जागा नाहीत, तर हवेने भरलेल्या आणि नाकाशी जोडलेल्या पोकळ्या आहेत : आतल्या बाजूस एथमॉइड सायनसचे मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे आणि तळाशी गालातील मॅक्सिलरी सायनस. डोळा आणि नाकातील हवा यांच्यामध्ये कागदाएवढे हाड आणि त्यावरील अस्तर एवढेच अंतर आहे, हे निरोगी माणसाच्या कधी ध्यानातही येत नाही.

चेहऱ्यावर आघात झाला असता कड शाबूत राहून ही पातळ भिंत फुटू शकते. १९५७ साली अमेरिकेतील स्मिथ आणि रेगन या शल्यचिकित्सकांनी हा प्रकार मृतदेहावर प्रयोग करून दाखवला. आयर्लंडच्या हर्लिंग या खेळातील चेंडू त्यांनी बंद पापण्यांवर ठेवला व त्यावर हातोड्याने प्रहार केला. खोबणीची कड अभंग राहिली, आतली भिंत मात्र फुटली. या अस्थिभंगास आज आपण 'ब्लो-आउट फ्रॅक्चर' म्हणतो. हाडासोबत सायनसचे अस्तरही फाटले की नाक आणि खोबण यांच्यामध्ये वाट तयार होते. पण एवढ्याने सूज येत नाही. नाक शिंकरताच नाकातील दाब एकदम वाढतो आणि हवा त्या वाटेने खोबणीत रेटली जाते. परतीच्या वेळी फाटलेले अस्तर किंवा खोबणीतील चरबी त्या छिद्रावर येऊन बसते आणि वाट बंद करते. सायकलच्या ट्यूबमधील व्हॉल्व्ह जसा हवा आत घेतो व बाहेर सोडत नाही, तसाच हा व्यवहार आहे. म्हणून आघातानंतर तास-दोन तास डोळा ठीक दिसतो आणि एका शिंकरण्यासरशी फुगतो. हा क्रम हेच निदानाचे सर्वांत विश्वासार्ह लक्षण समजावे.

शिंकरण्याने नेमका किती दाब निर्माण होतो, याचे मोजमाप २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. नाक शिंकरताना नाकातील दाब सरासरी ६६ मि.मी. पाऱ्यापर्यंत पोहोचला, साध्या शिंकेने आणि खोकल्याने तो त्याच्या एकदशांशाच्या आसपासच राहिला. शिंक आपण मोठी भयंकर मानतो आणि शिंकरणे ही सभ्य, स्वच्छतेची सवय समजतो, परंतु डोळ्याच्या दृष्टीने उलटेच आहे. अर्थात नाक चिमटीत धरून आणि तोंड मिटून शिंक दाबली, तर तोच दाब कितीतरी पटींनी वाढतो.

१९०४ साली हीरफोर्ट या नेत्रतज्ज्ञाने हवा कोठे अडकली आहे यावरून या विकाराचे प्रकार पाडले. पापणीच्या मागे, खोबणीच्या कडेपासून निघालेला एक पातळ पण चिवट पडदा असतो. हवा त्या पडद्याच्या मागे अडकली तर खरा खोबणीतील एम्फिसीमा. पडद्याच्या पुढे, केवळ पापणीत असेल तर पापणीचा. आणि पडदा फाटून दोन्हीकडे पसरली तर मिश्र. यातील विरोधाभास असा की पापणी टम्म फुगलेली पाहून आपण घाबरतो, पण बहुधा तीच सुटकेची खूण असते. मागचा दाब फार वाढला की पडदा फाटतो आणि हवा पापणीत निसटते. पडदा शाबूत राहून हवा मागेच कोंडली जाते, तेव्हा मात्र खरे संकट उभे राहते. त्याकडे पुढे वळते.

माझे माहेर धारचे आणि सासर देवासचे. दोन्ही पवारांची जुनी संस्थाने. त्यामुळे मालव्याचा हा पट्टा मला घरासारखा आहे, आणि येथील चेहऱ्याच्या इजांचे रंगही ओळखीचे आहेत. पाठ्यपुस्तकात मुष्टियुद्ध आणि बर्फावरील खेळ यांची उदाहरणे असतात; आपल्याकडे कारणे वेगळी. गल्लीतील क्रिकेट, विटीदांडूची विटी, बैलाचे शिंग, बिनहेल्मेटची मोटरसायकल. धार जिल्ह्यात धामनोदजवळच्या गणपती घाटाने तर वर्षानुवर्षे अपघातांचा जो पुरवठा केला, तो आपल्यापैकी अनेकांनी रात्री-अपरात्री पाहिला आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी इंदूर जिल्ह्यातील गौतमपुऱ्यात होणारे हिंगोट युद्ध आपल्या सर्वांना माहीत आहेच. मराठीत ज्याला हिंगणबेट म्हणतात, त्या झाडाचे कठीण कवचाचे फळ पोकळ करून त्यात दारू भरतात, दिशा राखण्यासाठी बांबूची काडी बांधतात आणि 'तुर्रा' व 'कलंगी' हे दोन पक्ष पेटती फळे एकमेकांवर सोडतात. परंपरेविषयी मला येथे बोलायचे नाही. परंतु वेगाने येणारे असे कठीण, जळते फळ चेहऱ्यावर बसले तर भाजणे दिसते आणि त्याखालील हाडाची मोड नजरेतून सुटते, एवढे सांगणे माझे काम आहे. याउलट २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गनने शंभराहून अधिक मुलांचे डोळे दुखावले, ती इजा मूलतः दाहाची व रसायनाची. तेथे पहिला उपचार म्हणजे भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुणे. दोन्हींची गल्लत करू नये.

आणखी एक कारण आमच्या भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पीथमपूरचे कारखाने आणि महामार्गालगतची पंक्चरची दुकाने येथे दाबाखालील हवेची नळी सर्रास वापरली जाते. कपड्यांवरची धूळ झटकण्यासाठी, गंमत म्हणून मित्राच्या तोंडावर मारण्यासाठीही. त्या झोताने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचे नाजूक आवरण फाटते आणि हाड मुळीच न मोडता हवा थेट खोबणीत शिरते. धारच्या माझ्या एका व्यवसायबंधूंनी पंक्चरच्या दुकानात काम करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाची अशी हकिगत मला सांगितली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसल्यामुळे आधी त्या मुलाच्या सांगण्यावर कोणाचा विश्वासच बसला नव्हता. दातांच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या हवेच्या यंत्रानेही क्वचित हवा चेहऱ्याच्या ऊतींत शिरून पापणीपर्यंत पोहोचते.

मुलांच्या बाबतीत वय पाहणे अगत्याचे असते. एथमॉइड आणि मॅक्सिलरी सायनस जन्मतः लहान आकारात असतात. कपाळातील फ्रंटल सायनस मात्र साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास आकार घेऊ लागतो. म्हणून अगदी लहान मुलांत कपाळावरील आघाताने खोबणीचे छत मोडण्याचा संभव अधिक, आणि छतावर मेंदू आहे हे विसरू नये. मूल जसजसे मोठे होते, सायनस विस्तारतात, तसतसे तळाच्या व आतल्या भिंतीचे अस्थिभंग वाढतात आणि त्यासोबत हवा अडकण्याचा प्रकारही.

आता संकटाविषयी. बहुसंख्य रुग्णांत ही हवा निरुपद्रवी असते आणि सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, आपोआप शोषली जाते. परंतु क्वचित झडपेतून हवा वारंवार आत जाते, पडदा फाटत नाही, आणि प्रौढात जेमतेम ३० मिलिलिटर सामावणाऱ्या त्या हाडांच्या कुपीतला दाब वाढत जातो. डोळा पुढे ढकलला जातो, दगडासारखा कठीण लागतो, हलेनासा होतो. दृष्टिचेता आणि दृष्टिपटलाची मुख्य धमनी यांवर दाब येऊन नजर मंदावू लागते. येथे प्रश्न मिनिटांचा आहे. मूळचे भारतीय असलेले नेत्रवैज्ञानिक डॉ. सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, मुख्य धमनीचा प्रवाह बंद केल्यावर सुमारे ९७ मिनिटांपर्यंत दृष्टिपटल सावरले. २४० मिनिटांनंतर मात्र झालेली हानी व्यापक आणि कायमची ठरली. देवासहून इंदूर ३५-४० किलोमीटर. गाडी मिळवणे, निघणे, पोहोचणे, कागद करणे, यांत दीड तास कसा जातो हे आपण जाणतो. म्हणून अशा रुग्णाला 'इंदूरला घेऊन जा' एवढे म्हणून चालत नाही. जवळच्या नेत्रतज्ज्ञास आधी बोलवावे. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याशी छेद देऊन तेथील बंध मोकळा करणे, किंवा सलाइन भरलेल्या, दट्ट्या काढलेल्या सिरिंजच्या सुईने हवेची पोकळी मोकळी करणे, हे उपाय तेथल्या तेथे करता येतात. सिरिंजमधील द्रवातून बुडबुडे वर येताना दिसले की दाब उतरत आहे असे समजते. बालरोगतज्ज्ञाने हे स्वतः करावे असे मी म्हणत नाही. पण ते कधी करावे लागते हे त्याला ठाऊक हवे.

ते कळण्यासाठी सर्वांत आधी नजर तपासावी; बाकीचे सारे नंतर. बंद पापणी पाहून ती उघडण्याचा आपल्याला संकोच वाटतो, आणि तपासणी 'सूज उतरल्यावर' म्हणून पुढे ढकलली जाते. ही चूक करू नये. मोठ्या मुलाकडून बोटे मोजवून घ्यावीत, लाल रंगाची वस्तू दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसते का हे विचारावे. अडीच-तीन वर्षांच्या मुलाचा चांगला डोळा हाताने झाकून पाहावा. तो हात झटकून रडू लागला, तर दुसऱ्या डोळ्याला कमी दिसत असण्याचा संशय घ्यावा. टॉर्च एका बाहुलीवरून दुसरीवर नेली असता दुखावलेल्या बाजूची बाहुली आकुंचन पावण्याऐवजी विस्तारू लागली, तर दृष्टिचेता धोक्यात आहे. एक सावधगिरी मात्र कटाक्षाने पाळावी : नेत्रगोलच फुटला असल्याची शंका असेल, बाहुलीचा आकार वेडावाकडा दिसत असेल, तर चरचर तपासण्याच्या मोहाने पापणीवर बोटही ठेवू नये. कागदी पेल्याचा तळ डोळ्यावर झाकणासारखा चिकटवावा आणि रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

चरचर नसेल आणि डोळा तरी ताणलेला, पुढे आलेला असेल, तर मागे रक्तस्राव झाला आहे असे मानावे. तोही तितकाच तातडीचा. ताप आणि वेदना यांसह दोन-चार दिवसांत वाढत गेलेली सूज संसर्गाची. ॲलर्जीची सूज खाजते आणि बहुधा दोन्ही बाजूंना येते.

या सर्वांहून मला अधिक भीती वाटते ती न सुजलेल्या डोळ्याची. हे थोडे विषयांतर आहे, पण बालरोगतज्ज्ञ म्हणून ते टाळणे मला जमणार नाही. लहान मुलांची हाडे हिरव्या फांदीसारखी लवचीक. आघाताने खोबणीचा तळ क्षणभर खाली उघडतो आणि सापळ्याच्या झाकणासारखा पुन्हा मिटतो. मिटताना डोळ्याचा स्नायू त्यात चिमटला जातो. बाहेरून डोळा पांढरा स्वच्छ, सूज नाममात्र. मूल मात्र मळमळते, उलट्या करते, नाडी मंद होते, कारण स्नायू ओढला गेला की हृदयाचे ठोके मंदावतात. डॉक्टरांना वाटते डोक्याला मार बसला. मेंदूचे स्कॅन होते, ते निर्दोष येते, मूल निरीक्षणाखाली ठेवले जाते, आणि तिकडे स्नायू रक्ताविना मरू लागतो. या मुलाला 'छताकडे बघ' असे म्हणावे. एक डोळा वर जाणार नाही. एवढ्या साध्या परीक्षेने निदान होते आणि शस्त्रक्रिया शक्य तो एक-दोन दिवसांतच व्हावी लागते. फुगलेल्या डोळ्याची आजी रात्रीच्या रात्री धावत येते. या मुलाला मात्र घरचे झोपवून ठेवतात.

एक्स-रेमध्ये खोबणीच्या वरच्या भागात हवेची काळी कमान दिसते. भुवईसारखी दिसणारी ती खूण प्रसिद्ध आहे. तथापि अस्थिभंगाची खरी कल्पना पातळ छेदांच्या सी.टी. स्कॅननेच येते, मुलांत किरणोत्सर्गाचा विचार करून ते गरजेपुरतेच करावे.

उपचाराचा मुख्य भाग औषधांचा नसून वर्तनाचा आहे. नाक शिंकरणे किमान तीन ते चार आठवडे पूर्ण बंद. अनेक शल्यचिकित्सक सहा आठवडे सांगतात. नाक वाहिले तर नुसते टिपावे. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. डोके उंच ठेवून झोपावे. सर्दी असेल तर तिचा उपचार करावा. प्रतिजैविके सरसकट द्यावीत की नाही, यावर एकमत नाही. आधीपासून सायनसचा संसर्ग नसेल तर मी ती देत नाही. विमानप्रवास हवा शोषली जाईपर्यंत टाळावा, कारण विमानातील कमी दाबात कोंडलेली हवा सुमारे एक तृतीयांशापर्यंत प्रसरण पावू शकते. देवासची टेकरी चढून दर्शनाला जाता येईल का, असे एका मातेने मला विचारले होते; तेवढ्या उंचीने हवेत फरक पडत नाही, असे मी सांगितले. परंतु परदेशी पुस्तकांत न आढळणारे काही निषेध आपल्या घरांसाठी आवर्जून सांगावे लागतात. आरतीच्या वेळी शंख फुंकू नये. शाळेच्या बँडमधील बिगुल, बासरी, फुगे फुगवणे बंद. कपालभाती, भस्त्रिका आणि जलनेती यांपासून दूर राहावे. आजोबांच्या शेजारी बसून प्राणायाम करणारी नातवंडे हल्ली पुष्कळ आहेत.

आणि नाकातून रक्त येणारे कोणतेही मूल, विशेषतः मार लागलेले, दवाखान्यात आले, तर त्याला पुढे वाकवून बसवावे, नाकाचा मऊ भाग हलकेच धरावा, तोंडाने श्वास घेऊ द्यावा, घशात आलेले रक्त थुंकू द्यावे. गुठळ्या काढण्याची घाई करू नये. माझ्या परिचारिकांना हे मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवते.

त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरला नेले. स्कॅनमध्ये आतल्या भिंतीत लहानसा अस्थिभंग आणि नेत्रगोलाच्या वर हवेची पट्टी दिसली. स्नायू मोकळे होते. शस्त्रक्रियेची आवश्यकता नव्हती. पाचव्या दिवशी डोळा निम्मा उघडला, अकराव्या दिवशी चरचर नाहीशी झाली. झालेल्या प्रकारात माझा वाटा किती, हे मी त्याच्या वडिलांना त्याच आठवड्यात समोर बसवून सांगितले. ते ऐकून घेत राहिले, आजी म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतंत तर घरी येऊन मीच शिंकरायला लावलं असतं." तपासणीच्या शेवटच्या खेपेस मुलाने एकच शंका विचारली. पुढच्या रविवारी त्याचा वाढदिवस होता आणि फुगे आणून ठेवले होते. मी म्हटले, या वर्षी बाबांना फुगवू दे.